मदत हवी आहे: लातूर, सगळ्यात वरचा मजला. आधी गच्ची, कूलर की एसी?

उन्हाची_तिरीप

नमस्कार मंडळी,

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात. आमच्याकडं यंदा होळीच्या आधीच पळाली. लातूरला चार मजली अपार्टमेंटमध्ये सगळ्यात वर टू बीएचके आहे, डोक्यावर थेट गच्ची. मागच्या जूनमध्ये इथं राहायला आलो, म्हणजे या घरातला हा पहिलाच उन्हाळा. शेजारच्या फ्लॅटमध्ये नीटची तयारी करणारी पोरं भाड्यानं राहतात. ती आत्तापासूनच सांगायलीत, "काकू, एप्रिलमध्ये रात्री गच्चीवर झोपावं लागतंय बगा."

घरात सासूबाई आहेत, पंचाहत्तरीच्या, बीपीची गोळी चालू. मुलाची नीट मेच्या सुरुवातीला. म्हणजे "सहन करा" हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी. हॉल आणि मुलाची खोली पश्चिमेला. दुपारी चारला नळ सोडला तर हात पोळतोय, गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात असते ना. संध्याकाळी बाहेर बरं वाटतंय तेव्हा घरात यावंसं वाटत नाही. रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला, तर स्लॅब कोमट नाही, चांगला गरम लागला. पंखा तीच गरम हवा खाली ढकलायलाय. हे मार्चात, मग मेमध्ये काय?

नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाकी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की गिझरचा कॉइल दोनदा बदलला. कूलर घ्यावा तर दुकानदार म्हणतो मोठ्या कूलरला दिवसाला चाळीसेक लिटर पाणी लागतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना रोज चाळीस लिटर हवेत उडवणं जिवावर येतं. एसी घ्यावा तर बिल, आणि लाइट गेली की तो नुसता शोभेचा.

पैसे एकदाच निघतील. आधी कशावर घालावेत? नुसतं "एसी घ्या" नको, कारण सांगा.

बालाघाट

ताई, आधी गच्ची. कूलर, एसी नंतर.

कारण तुम्हीच लिहिलंय: रात्री अकराला स्लॅब गरम. चार-पाच इंचाचा आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडतो. म्हणून बाहेर गार झालं तरी तुमच्या घराला ते रात्री उशिरा कळतं. गच्चीवरचा कोबा दुपारी साठ अंशांच्या वर जातो. त्याच्याखाली एसी लावला तर तो खोली गार करत नाही, रात्रभर स्लॅबशी कुस्ती खेळतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. कळीचा चुना आणा आणि लोखंडी ड्रममध्ये भिजवा. प्लास्टिकची बादली अजिबात नको, पाणी पडलं की चुना उकळतो. डोळ्यांना चष्मा, पोरं लांब. रात्रभर ठेवून जाड फडक्यानं गाळा, त्यात फेव्हिकॉल टाका म्हणजे चालताना पायाला पांढरं लागत नाही. गच्ची झाडून, धुऊन, थोडी ओली असतानाच संध्याकाळी पहिला हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. कागदावर थोडा वाटतो, झोपताना कळतो. पावसात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो, एवढंच.

बजेट असेल तर चुन्याऐवजी उष्णता परतवणारा पांढरा ॲक्रिलिक रंग. तो काही वर्षं टिकतो, पण आधी भेगा भरून घ्याव्या लागतात. फुटक्या टाइल्सचा पांढरा चायना मोझॅक सगळ्यात टिकाऊ, पण ते काम महिनाभराचं आणि सगळ्या बिल्डिंगनं मिळून करायचं.

खडीसाखर

बालाघाट भाऊ बरोबर बोलले, पण घरात पंचाहत्तरीचं माणूस आहे, परीक्षा आहे. चुना लावून मे महिना निघत नाही. एका खोलीला एसी घ्याच. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला एक-सव्वा युनिट धरा. रात्रीचे आठ तास म्हणजे दिवसाला आठ-दहा युनिट, महिन्याला अडीचशे ते तीनशे. तुमचा आताचा वापर दीडशे असेल तर महावितरणचा तीनशेच्या वरचा टप्पा लागतो आणि तिथं दर एकदम चढतो. बिल डोळ्यात भरतं ते तिथं. तापमान 26 ठेवा आणि वर पंखा हळू लावा. 2020 पासून स्टार असलेले एसी चालू करताच 24 वर येतात, म्हणजे 18 वर नेण्याची हौस आपली आपल्याला.

घ्यायच्या आधी वायरमनकडून मंजूर भार आणि त्या खोलीची वायर तपासा. जुन्या बांधकामात एसीच्या पॉइंटलाही बारीक वायर ओढलेली असते.

उन्हाची_तिरीप

धन्यवाद दोघांनाही. गच्चीचाच प्रश्न आहे. आमच्याकडं रीतसर सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, आणि बिल्डरनं केव्हाच हात झटकलेत. गच्ची सगळ्यांची. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ऊन तुम्हाला लागतंय, खर्च आम्ही का करावा?" दुसरे म्हणाले चुन्यानं वॉटरप्रूफिंग खराब होतंय. खरंय का? आणि शेजारची पोरं रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, ते चालतं का? एकानं तर माती टाकून लॉन करा म्हणून सांगितलं.

तेरणाकाठ

सूनबाई, मी औशाकडचा, लहानपण माळवदाच्या घरात गेलं. वर वीतभर पांढरी माती, भिंती दोन-दोन हात जाड. वैशाखात दुपारी आत गेलं की डोळे मिटायचे. हे खरं. पण त्याच मातीचं आणि दगडांचं वजन 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात माणसांच्या अंगावर आलं. म्हणून गच्चीवर माती टाकायचा सल्ला या जिल्ह्यात तरी कुणी देऊ नये. माती कोरडी असताना जड, भिजली की आणखी जड. तुमच्या बिल्डिंगचा स्लॅब त्या भारासाठी काढला होता का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं कागदावर लिहून दिल्याशिवाय लॉनबिन काही नको. दहा-वीस कुंड्या कॉलम-बीमच्या रेषेवर ठेवल्या तर धकतंय.

पाणी मारायचं बंद करा. तापलेल्या कोब्यावर गार पाणी पडलं की बारीक भेगा वाढतात, आणि त्यातनं पाणी पावसाळ्यात तुमच्याच हॉलच्या कोपऱ्यात उतरतं. शिवाय पाणी कुठंय आपल्याकडं? चुन्यानं वॉटरप्रूफिंगला काही होत नाही, आपल्या आजोबांनी गच्चीला चुनाच वापरला. फक्त गच्चीचं पावसाचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडलेलं असेल तर पहिले एक-दोन पाऊस तो पाइप बाहेर काढून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर चुना इतका स्वस्त आहे की भांडण करण्यापेक्षा आपणच करावा. मात्र काम सुरू करण्याआधी सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहा, दोन दिवस थांबा, कुणी नाही म्हटलं नाही तर करा. पुढं तोंड वाजवायला जागा राहत नाही.

नाथसागर

कूलरवर कुणीच बोलेना, म्हणून मी. माझं मत: लातूर, बीड, परभणी, जालना, आमचं संभाजीनगर, एप्रिल-मेमध्ये कूलरसारखं साधन नाही, कारण आपली हवा कोरडी. मुंबईच्या पाहुण्यांच्या सल्ल्यानं कूलर नाकारू नका.

पाण्याचा हिशेब भावनेनं नको. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता ओढून घेतं. चाळीस लिटर म्हणजे सव्वीस-सत्तावीस युनिट उष्णता बाहेर, आणि त्यासाठी पंखा-पंपाला दिवसभरात दोन-अडीच युनिट वीज. आणि हे चाळीस लिटर प्यायचं पाणी नव्हे, बोअरचं. लाइट गेली तर बऱ्यापैकी इन्व्हर्टरवर छोटा कूलर चालतो, एसी चालत नाही.

पण कूलर कसा लावता त्यावर सगळं आहे. लोक हॉलच्या मधोमध ठेवतात, दारंखिडक्या लावतात, आणि तासाभरात "अंग चिकचिक करायलंय" म्हणतात. कूलर खिडकीच्या बाहेर किंवा खिडकीला टेकून हवा, त्यानं बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी. आत आलेली ओली हवा बाहेर गेली तरच गारवा टिकतो. तुमची पश्चिम तापते, तेव्हा शक्य असेल तर उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीला बसवा.

जड पाण्याला हनीकोंब घेऊ नका. त्या पुठ्ठ्याच्या घड्यांवर पांढरा थर बसतो, दोन महिन्यांत भोकं बुजतात, आणि नवा पॅड महाग. गवताच्या ताट्या घ्या, दरवर्षी बदला, स्वस्त पडतं. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. तुम्ही नुसती भर घालत राहिलात तर आठवड्यात टाकीत मिठागर. दर तीन-चार दिवसांनी तळाचं पाणी पूर्ण काढा आणि संडासाला वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला घालायचा मोह होतो, घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.

खडीसाखर

आणि मृग लागला, ढग आले की तोच कूलर घर दमट करतो, हेही लिहा की.

नाथसागर

लिहितो की. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पंप बंद, नुसता पंखा. त्यात काय लपवायचं!

पाटावरवंटा

मधेच बोलते. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नका. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून एका हातानं पाइप, दुसरा हात पत्र्याला, असे दरवर्षी बळी जातात. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारं बटण, बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे.

दुसरं डासांचं. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी म्हणजे घरोघर ड्रम भरलेले. डेंग्यूचा डास गटारात नाही, याच स्वच्छ पाण्यात होतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: कूलर, ड्रम, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, सगळं रिकामं. नुसतं ओतून उपयोग नाही, आतली बाजू घासायची. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. नळ यायच्या आदल्या दिवशी घासलं तर पाणीही वाया जात नाही. उन्हाळा संपल्यावर कूलर पॅक करतानाही घासून, वाळवून मगच ठेवा.

उन्हाची_तिरीप

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर टाकलंय. काका अजून निळी टिक देऊन गप्प आहेत. सध्या असं ठरतंय: या रविवारी चुना. गवताचा कूलर हॉलला, उत्तरेच्या खिडकीत. एसी यंदा नाही, चुन्यानंतर मुलाच्या खोलीत झोप लागते का ते बघून ठरवू.

दोन शंका राहिल्या. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे शिवायला टाकू का? आणि सासूबाई पंख्याखालून हलतच नाहीत, "मला गार वारं लागतंय" म्हणतात. हे ठीक आहे ना?

बालाघाट

पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. बाहेरून अडवा: बांबूची चिक, नाहीतर हिरवं शेडनेट ग्रिलच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. सकाळी नऊ-दहाला सगळ्या खिडक्या बंद (कूलर चालू असेल तर त्याची आणि समोरची सोडून), रात्री बाहेर गार झालं की सगळ्या उघड्या. डास येतात म्हणून रात्री बंद ठेवू नका, जाळी लावा.

टाकीचंही उरकून घ्या. चुना कालवणार आहातच, पण प्लास्टिकला तो धरत नाही. टाकीला बाहेरून पांढरा ऑइलपेंट, वर शेडनेटचा मांडव. गच्चीवरून येणाऱ्या पाइपला बारदान गुंडाळा. दुपारच्या अंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवायचं, हे आपल्याकडं सगळेच करतात.

पाटावरवंटा

सासूबाईंचं मात्र मनावर घ्या. खोलीतली हवा 40 च्या वर गेली की पंखा अंग गार करत नाही, उलट तापवतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. एक साधा थर्मामीटर भिंतीला लावा, अंदाजावर राहू नका. दुपारी बारा ते पाच त्यांना कूलरच्या खोलीत बसवा, हातापायांवर ओला पंचा. म्हाताऱ्या माणसांना तहान लागत नाही, म्हणून विचारून नाही, वेळेवर द्यायचं: माठातलं पाणी, ताक, पन्हं. बीपीचा आजार आहे तर मीठ किती चालेल आणि गोळीचा डोस उन्हाळ्यात तोच ठेवायचा का, हे एकदा डॉक्टरांना विचाराच. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. बोलण्यात गोंधळ, अंग कोरडं आणि चटका बसेल असं गरम, असं दिसलं की अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना गाठायचा, घरगुती उपाय नको.

तेरणाकाठ

सूनबाई, रविवारी वर जालच, तर चुना लावायच्या आधी गच्चीच्या कोपऱ्यातल्या पन्हाळीच्या जाळ्या हातानं साफ करून घ्या. पाखरांची घरटी, पतंगाचा मांजा, प्लास्टिक, सगळं तिथंच अडकलेलं असतंय. अवकाळी एप्रिलमध्येच येतो, गारासुद्धा पडतात, आणि तासाभरात गच्चीचा तलाव होतो. चुन्याचा चोथाही जाळीत जाऊ देऊ नका, घट्ट बसला की छिन्नीनं काढावा लागतो.

उन्हाची_तिरीप

बरं झालं सांगितलं काका, एक जाळी तर गायबच आहे. आत्ताच वर जाऊन पाहिलं, पाइपात टेनिसचा बॉल अडकलाय. पोरांनाच काढायला लावते. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला, चुन्याची अर्धी गोणी त्यांच्याकडं पडून आहे म्हणे, जुनी. जुना चुना चालतो का?

बालाघाट

गोणी उघडी राहिली असेल तर हवेनं मेला असेल. मूठभर चुना पाण्यात टाकून बघा, खदखदला तर चालतो, नुसता विरघळला तर नवीन आणा. काकांना मात्र नको म्हणू नका, रविवारी ब्रश धरायला बोलवा.