विषय: मागच्या खोलीत वाय-फायच्या काड्या पूर्ण, पण नेट नाही

मंडळी, नमस्कार.

सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांची खोली गराजच्या मागे, खालच्या मजल्यावर. केबल कंपनीचा मोडेम-राउटर मात्र वरच्या ऑफिसात, अगदी दुसऱ्या टोकाला. मध्ये फ्रिज, फर्नेस, सगळं लोखंड. म्हणून जुना राउटर त्या खोलीत ठेवला आणि वरून लांब केबल आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायची जागा) लावली. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच आहे. फोनवर काड्या पूर्ण दिसतात, पण नेट कधी चालतं, कधी नाही. शिवाय तेव्हापासून वरचंही मध्येच जातं. आईंचा बहिणींशी रोज व्हिडिओ कॉल असतो, तो तुटायला नको. कुणी मार्ग सांगेल का?

– सु., एडिसन (न्यू जर्सी)

---

सु., काड्या म्हणजे फोन ते राउटर एवढंच अंतर. पुढचं त्या सांगत नाहीत. तुझ्याकडे रेडिओ ठीक आहे, भांडण पत्त्यांचं आहे.

घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, एकाच राउटरने करायचं असतं. तुझ्याकडे दोघंही वाटताहेत. ज्या फोनला जुन्याकडून पत्ता मिळतो, त्याला बाहेरचा रस्ता म्हणूनही तो जुनाच दाखवतो, आणि त्याच्यापुढे रस्ताच नाही. त्यात दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर वरचं का जातं तेही कळतं.

जुन्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता नुसतं वाय-फाय पुरवायचा) असेल तर तोच निवड. मग केबल कुठल्या पोर्टात ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा, बहुतेकांत वॅन पोर्ट (बाहेरचं नेट येतं तो) चालतो. मोड नसेल तर वरून आलेली केबल आधी काढ आणि लॅपटॉप त्याला सरळ जोड. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ कर, डीएचसीपी बंद कर आणि मगच केबल परत लॅन पोर्टात लाव. वॅन पोर्ट रिकामा राहू दे. मुख्य राउटर पत्ते १०० पासून पुढे वाटेल असं बघ, नाहीतर हा २ तो दुसऱ्या कुणाला देऊन बसेल. शेवटी फोनचं वाय-फाय बंद-चालू कर, म्हणजे त्याला नवा पत्ता मिळेल.

जुन्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तेही बघून घे. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर तो राउटर घरात ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

– काका, पिस्कॅटवे

---

काका, चाललं! मोड नव्हता, दुसऱ्या पद्धतीने केलं. वरचंही आता जात नाही. दोन गोष्टी उरल्यात. वरून खाली आलं की फोन वरच्याच वाय-फायला चिकटून राहतो. आणि केबल जिन्यावरून गेलीय, बाबांचा पाय अडकेल याची फार काळजी वाटते. तिथे रिपीटर लावू का?

– सु.

---

रिपीटर नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, वेग निम्म्यावर येतो. व्हिडिओ कॉलला ते जाणवतं.

कुठल्या वाय-फायला जोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. वरच्याची २.४ गिगाहर्ट्झची ताकद ‘मध्यम’ कर, म्हणजे फोन त्याला लवकर सोडेल. दोघांची एकमेकांत लुडबुड नको म्हणून वर चॅनल १, खाली ११, रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर वर ३६, खाली १४९ ठेव. मधले ५२ ते १४४ रडारही वापरतात, रडार दिसलं की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि कॉल तुटतो.

केबल मात्र आजच जिन्यावरून काढ. त्या खोलीत टीव्हीच्या जाड तारेचं, म्हणजे कोअॅक्स सॉकेट आहे ना? मोका ॲडॉप्टरची जोडी घे, एक वर मोडेमपाशी, एक खाली. भिंतीतल्या कोअॅक्सवरूनच नेट जातं, भोकं पाडावी लागत नाहीत. घरात कोअॅक्स शिरते तिथे मोकाचा फिल्टर लाव, म्हणजे आपला सिग्नल शेजाऱ्यांकडे जाणार नाही. त्याच तारेवर सॅटेलाइट डिश असेल तर हे जमणार नाही.

आधी गराजमधला स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करणारी डबी, बघ. मोका १६७५ मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि जुने स्प्लिटर बरेचदा १००० लाच थांबतात. त्यावर काय आकडा छापलाय तो कळव, मगच ॲडॉप्टर मागव.

– काका