किलिमांजारोवर केबल कार झाली तर बिघडलं कुठे?

सह्यकडा :
2019 साली टांझानिया सरकारने किलिमांजारोवर केबल कार बांधायचा विचार बोलून दाखवला. गाईड आणि हमाल लगेच विरोधात उभे राहिले, जगभरच्या ट्रेकरांनी त्यांची री ओढली. आपल्याकडेही विषय निघाला की एकच पालुपद, "डोंगराचं पावित्र्य जाईल." मला हे पटत नाही. विमान, उद्यानाची रोजची फी, सक्तीचा गाईड, हमाल असं सगळं धरलं तर खर्च लाखांत जातो, वर गुडघे शाबूत हवेत. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने डोंगर खालूनच बघायचा का? 5895 मीटरचं शिखर चालणाऱ्यांना लखलाभ. त्याच्या बरंच खालच्या शिरा पठारापर्यंत म्हातारी माणसं गेली तर कुणाचं काय जातं? रायगडावर रोपवे आहेच की. त्याने पायऱ्या चढणारे थांबलेत का?

कातळवाट :
साफ असहमत. रायगडावर रोपवेने कुणाची चूल विझली नाही. किलिमांजारोवर चढायच्या माचामे वाटेवर चालून बघा. माणूस डोक्यावर तंबूची पिशवी, पाठीवर स्वतःचं सामान आणि एका हातात अंड्यांचे ट्रे घेऊन तुमच्या पुढे निघून जातो. संध्याकाळी तुम्ही पोचता तेव्हा तंबू उभा, चहा तयार. हमालाला 20 किलोंची मर्यादा आहे, गेटवर वजन होतं. एका पाहुण्यामागे तीन-चार माणसांना आठवडाभर काम मिळतं. केबल कारला तिकीट फाडायला किती माणसं लागतील?

सह्यकडा :
म्हणजे आपल्यासाठी माणसाने घडीच्या खुर्च्या आणि टेबलं डोक्यावरून वाहत राहावं, म्हणून केबल नको? वा!

कातळवाट :
वाहायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. विरोध त्यांच्याच संघटनेने केलाय, मी नाही. तुम्हाला कळवळा असेल तर मजुरी आणि टिप वेळेवर देणारी कंपनी शोधा.

स्टेथोस्कोप :
मूळ अडचण कुणी बोलतच नाहीये. रायगड हजार मीटरसुद्धा नाही हो. शिरा पठार साडेतीन हजारांच्या पुढे आहे. विमानाने थेट लेहला उतरलेली आपली मंडळी पहिला दिवस डोकं धरून झोपतात, तीच ही उंची. चालत जाणाऱ्याला शरीर सरावायला निदान वेळ मिळतो. माचामे वाटेवर लाव्हा टॉवरला साधारण 4600 मीटरपर्यंत नेतात आणि त्याच दिवशी बरांकोच्या तळावर चार हजारांच्या खाली आणून झोपवतात, ते उगाच नाही. गाईड दिवसभर "पोले पोले" (हळू हळू) करत वेग कमी करायला लावतात तेही त्यासाठीच. रक्तदाबवाले सत्तरीचे आजोबा तासाभरात वर नेऊन ठेवलेत आणि काही झालं तर खाली कोण आणणार?

मिसळपाव_चालेल :
केबल कारमध्ये भगवा घेऊन उभं राहायला जागा असेल ना? नाहीतर शिवजयंतीचे फोटो कसे काढायचे? बाकी चालू द्या.

अरुशाकर :
कामानिमित्त इकडे टांझानियातच राहतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

दोन्ही बाजू "वारसा" म्हणताय ते फक्त बर्फ आणि शिखर. युनेस्कोने 1987 साली किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाला मान दिला तोही निसर्ग म्हणूनच. माणसं त्या यादीत नाहीत. ती खाली उतारावर राहतात : चागा. त्यांच्या घराभोवतीची बाग म्हणजे किहंबा. वर सावलीची उंच झाडं, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी, अगदी तळाला अळूसारखे कंद, आणि गोठ्यात बांधून वैरण घातलेली गाय. शेण परत बागेत. पाणी येतं डोंगरातून काढलेल्या पाटांनी, त्यांना म्फोंगो म्हणतात. कुणाची पाळी कधी हे गावच ठरवतं. आपल्या धुळ्या-नाशकातली फड पद्धत आठवते. केळी आणि नाचणी आंबवून म्बेगे नावाची दारू करतात, लग्नाला आणि तंटा मिटवायला ती लागतेच. 2011 साली शिंब्वे जूच्या किहंबाला जागतिक अन्न व कृषी संघटनेने शेतीचा वारसा म्हणून मानलं. हे बघायला किती ट्रेकर थांबतात? गाडी केळीच्या बागांतून थेट गेटवर, उतरल्यावर थेट हॉटेलवर.

बर्फाचं म्हणाल, तर 1912 पासून ऐंशी टक्क्यांहून जास्त गेलाय. तो केबलने वाचणार नाही आणि केबलने जाणारही नाही. पाणी धरतं ते मधलं जंगल. त्याच्या वरच्या झुडपांत 2020 आणि 2022 मध्ये आगी लागल्या तेव्हा इथल्या लोकांना खरी धास्ती बसली होती.

सह्यकडा :
अहो, मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत! ट्रेकर सात दिवस डोंगरावर राहून चागांचं अंगणसुद्धा बघत नाहीत. दिवसभरात वर जाऊन येणारा कुटुंबवत्सल प्रवासी पायथ्याच्या मोशी शहरात मुक्काम करेल, कॉफीची बाग बघेल, पैसे गावात खर्च करेल. उद्यानाच्या फीतलं काय येतं किहंबावाल्याला?

कातळवाट :
दिवसभरात जाऊन येणारा सकाळी सफारीवरून येतो आणि रात्री सफारीवर परत जातो. झांझिबारचं विमान चुकवून तो कॉफीची बाग बघणार नाही. तुमचा आशावाद वाखाणण्याजोगा आहे.

अरुशाकर :
@सह्यकडा, तुमची बाजू नाही मांडली. केबलचं खालचं स्टेशन कुठे होईल? पार्किंग, हॉटेलं, रस्ता, सगळं जंगलाच्या खालच्या अंगाला. तिथे आधीच इंच-इंच किहंबा आहे, भावाभावांत वाटून वाटून आक्रसलेला. त्यात त्यांचे पूर्वज पुरलेत. तो तुकडा विकायला माणूस सहजी तयार होत नाही, आणि सरकारने मागितला तर तंटा म्बेगेवर मिटणार नाही.

सह्यकडा :
भूसंपादन नीट करा म्हणा, बांधूच नका असं का म्हणता? आणि स्टेथोस्कोप, आजोबांसाठी प्राणवायूची सोय असलेले डबे चीनच्या रेल्वेत तिबेटपर्यंत धावतात.

स्टेथोस्कोप :
डब्यात असतो. डब्यातून उतरल्यावर काय?