१५००डी की डी३५००: ‘निकॉनमध्ये मोटारच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

सह्यकडा: काल इथे एकाने नवशिक्यांना सल्ला दिला, “डोळे झाकून कॅननचा १५००डी कॅमेरा घ्या, निकॉन डी३५००मध्ये फोकसची मोटारच नाही.” निकॉनचा बॉडीत मोटार नसलेला डी४० आला तेव्हापासून, म्हणजे २००६पासून हे ऐकतोय आणि आता संताप येतो. मोटार बॉडीत नाही, लेन्समध्ये आहे. निकॉनच्या मोटार असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स व्यवस्थित फोकस करतात, अडतात त्या मोटार नसलेल्या जुन्या एएफ-डी. ५० एमएमची लेन्स घेताना नावात ‘डी’ असलेली सोडून मोटारवाली ‘जी’ घ्या, विषय संपला. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७पासून मोटार लेन्समध्येच आहे, तिथे कुणी बोंब मारत नाही. आणि बॅटरीचं कुणी बोलतच नाही! सीपाच्या, म्हणजे जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजणीत डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो देतो, १५००डी ५००. हरिश्चंद्रगडावर दोन मुक्काम केले, चार्जर घरीच होता.

लग्नघर: विषय तुमचा संपला असेल, माझा नाही. माझा पहिला कॅमेरा निकॉनच होता. पैसे साठवून जुन्या बाजारातून ५० एफ/१.८ डी घेतली. चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट सरकला, मी हाताने फोकस फिरवत बसलो, नवरा-नवरी दोघंही धूसर. तो क्षण परत आणता येतो का? कॅननवर मामाची नव्वदच्या दशकातली ईएफ लेन्स लावली आणि लगेच फोकस झाली. नवशिक्याने डी, जी, पी अशी बाराखडी कशासाठी पाठ करायची?

सह्यकडा: लेन्स न विचारता घेतलीत आणि खापर कॅमेऱ्यावर फोडताय. लग्नाचंच बोलायचं तर १५००डीच्या हॉटशूची, म्हणजे वर फ्लॅश बसवतात त्या खाचेची मधली पिन कॅननने काढून टाकलीय. स्वस्तातला साधा मॅन्युअल फ्लॅश ट्रिगर त्यावर पेटतच नाही. हे का नाही सांगत नवशिक्याला?

लग्नघर: पिनचं मान्य. ते वाईटच केलं. पण न विचारता घेतली हे कुणी सांगितलं तुम्हाला? दुकानदार म्हणाला “चालेल”, मी विश्वास ठेवला. माणसाला मूर्ख ठरवायची घाई करू नका.

देवगडवाट: तुमचं चालू द्या, पण आमच्याकडे पावसाळ्यात कंपनी कुठली हे बुरशी विचारत नाही. जूनमध्ये १८-५५ लेन्स बॅगेत ठेवली, गणपतीत काढली तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखं जाळं. साफ करून आणली तरी कोटिंगवरचे डाग तसेच राहिले. सगळे बॉडी बॉडी करतात, डबा कुणी सांगत नाही.

पाणवठा: कपाटात डांबरगोळ्या टाका, बुरशी जवळ येत नाही.

देवगडवाट: अजिबात टाकू नका! तो वास काच, रबर, बॅग सगळीकडे बसतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि ओल शोषणारे निळे सिलिका जेलचे दाणे आणा. गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परतायचे. ती कढई परत स्वयंपाकाला नको.

पाणवठा: तीन वर्षं गोळ्या टाकतोय, काही झालं नाही.

देवगडवाट: तुम्ही पुण्यात राहता. एक आषाढ आमच्या घरात काढा, भिंतींना हात लावून बघा, मग सांगा.

लग्नघर: डब्याचं पटलं. आमच्या बॅगेत तर सिलिका जेलच्या पुड्या वर्षानुवर्षं त्याच आहेत, कधी वाळवल्याच नाहीत. आजच बघतो.

सह्यकडा: मीसुद्धा बघतो. पण मूळ प्रश्नावर या. भिगवणला फ्लेमिंगो टिपायचे असतील तर डी३५०० आणि लांबचं टिपणारी ७०-३०० एएफ-पी लेन्स घ्या. फक्त जुना डी३२०० स्वस्त मिळतोय म्हणून त्यावर एएफ-पी लावायला जाऊ नका, ती त्यावर फोकसच होत नाही, हातानेसुद्धा नाही.

लग्नघर: म्हणजे बाराखडी पाठ करावीच लागते. हेच तर सांगत होतो.

सह्यकडा: जुनं घेताना लागते, हे मान्य. नवशिक्याला ‘जी घ्या, विषय संपला’ एवढं सांगून भागत नाही. बॅटरीचं मात्र सोडत नाही.