डेटाबेसमधून फाइल तयार झाली, पण कुठल्या मशीनवर? तुमचे अनुभव लिहा

रातपाळी:
काल टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "दादा, कॉपी १४२१२ असं आलं स्क्रीनवर, मग फाइल कुठाय?" (तो आकडा म्हणजे निघालेल्या ओळी.) आणि मला माझी पहिली नोकरी आठवली. महिनाअखेर, हिशेबवाले फाइलसाठी खोळंबलेले. मी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कॉपी टू (डेटा फाइलमध्ये काढायची कमांड) लिहून टेम्प फोल्डरचा पाथ दिला. एरर काही नाही. दोन तास स्वतःचा लॅपटॉप पालथा घातला. टाइप आपण आपल्या मशीनवर करतो, पण ती कमांड सर्व्हरवर चालते. फाइल सर्व्हरच्या डिस्कवर उतरते आणि तिचा मालक पोस्टग्रेस यूजर असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी एका सीनियर बाईंनी कॉपीच्या आधी बॅकस्लॅश लावायला सांगितला. तो लावला की पीएसक्यूएल, म्हणजे आपल्या मशीनवरचा पोस्टग्रेसच्या कमांड लिहायचा प्रोग्राम, डेटा कनेक्शनवरून ओढून आपल्याकडे फाइल लिहितं. त्या बाईंचं नाव अजून मनात आहे. त्या मुलीला मी जेवणाची सुट्टी मोडून शेजारी बसून दाखवलं.

अर्धविराम:
दोन तास म्हणजे काहीच नाही रे. आमच्याकडे मायएसक्यूएल डेटाबेस. सिलेक्ट इनटू आउटफाइल (तिथली फाइल काढायची कमांड) केलं की सिक्युअर फाइल प्रिव्ह या सेटिंगचा एरर. त्याची व्हॅल्यू नल (NULL) असेल तर सोयच बंद, फोल्डर दिलेला असेल तर फक्त तिथेच लिहिता येतं. बदलायचं तर सर्व्हर रीस्टार्ट. एका रिपोर्टसाठी चालू सर्व्हर कोण पाडणार? डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नाही म्हणाला, आणि बरोबरच होतं त्याचं. मग क्लायंटवरूनच, म्हणजे आपल्या मशीनवरून, क्वेरी चालवून आउटपुट फाइलमध्ये वळवलं. टॅबने तोडलेलं येतं, तेवढं लक्षात ठेवा.

खिडकीपाशी:
आणि तीच फाइल आधीपासून असेल तर आउटफाइल तिच्यावर लिहीत नाही, एरर देतं. रोजच्या जॉबमध्ये तारीख घाला नावात.

जुनीवही:
प्रायव्हेट टेम्प!! कुणीच कसं लिहिलं नाही. सर्व्हरवर लॉगिन करून बघितलं तरी टेम्पमध्ये फाइल नाही. सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) त्या डेटाबेस सर्व्हिसला स्वतःचं वेगळं टेम्प दिलेलं असतं. रडू यायचं बाकी होतं त्या दिवशी.

पाऊलखुणा:
डॉकर. डेटाबेस चालायचा कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात. फाइल त्या कंटेनरमध्ये, कंटेनर उडवला, फाइल गेली. बाकी काय सांगू.

अर्धविराम:
@पाऊलखुणा अरेरे. मूळ डेटा तरी होता ना?

पाऊलखुणा:
होता, व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या जागेत. चार तासांची क्वेरी पुन्हा चालवली.

मीठमोहरी:
थोडं अवांतर. सीएसव्ही आली, एक्सेलमध्ये उघडली, सगळी मराठी नावं कचरा! यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बॉम (एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल तर एक्सेल भलतंच एन्कोडिंग धरतं. खाते क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्यही गेले. त्या ग्राहकांची नावं नीट छापली जावीत एवढंच वाटत होतं मला.

जुनीवही:
@मीठमोहरी ताई, डबल क्लिक करूच नका. डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट ठेवा. आणि एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात.

खिडकीपाशी:
@रातपाळी तुझी रातपाळी सुटली का रे? मध्ये तब्येत बरी नव्हती म्हणालास.

रातपाळी:
सुटली, दोन महिने झाले. आता झोप लागते. आठवण ठेवलीस, बरं वाटलं.

उंबरठा:
मी ओरॅकल डेटाबेसमधून आले. तिथे स्पूल कमांड दिली की फाइल आपल्याच मशीनवर, सर्व्हरवर हवी तर यूटीएल फाइल नावाची सोय. म्हणून पोस्टग्रेसच्या कॉपीनेही तसंच होईल असं धरून चालले आणि परमिशनवर अडकले. कुणीतरी लगेच सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार, दिला. कृपया असं करू नका! पोस्टग्रेसच्या ११ व्या आवृत्तीपासून सर्व्हरवर फाइल लिहिण्यासाठी वेगळा रोल आहे, आणि बॅकस्लॅश कॉपीला तोही लागत नाही.

मीठमोहरी:
बॅकस्लॅशवाली एका ओळीतच लिहावी लागते ना? माझी क्वेरी साठ ओळींची आहे.

उंबरठा:
हो, एकाच ओळीत. तात्पुरता व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) बनव आणि त्यावरचं छोटं सिलेक्ट कंसात घालून बॅकस्लॅश कॉपी कर, त्याच सेशनमध्ये. नाहीतर साधी कॉपी टू एसटीडीआउट (फाइलऐवजी स्क्रीनकडे पाठवणारी) कितीही ओळींत लिही आणि शेवटी सेमीकोलनऐवजी बॅकस्लॅश जी, पुढे फाइलचं नाव.

मीठमोहरी:
व्ह्यूने झालं!! फाइल माझ्याच डेस्कटॉपवर. बाळ उठलं, पळते.