गेटवरच्या पॅनलमधून मोबाईलला कॉल लागेना, चंदगडच्या नंबरांना मात्र लागतोय

हिंदवाडी_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, ह्यातलं कुणाला कळत असेल तर जरा सांगा. बेळगावात हिंदवाडीला आमचं १२ फ्लॅटचं अपार्टमेंट आहे, गेटला बटणांचं पॅनल आहे, बाहेरच्या माणसानं फ्लॅटचा दोन आकडी कोड दाबला की ते आपल्या फोनला कॉल लावतं, आपण उचलून बोलायचं आणि ९ दाबलं की गेटचं लॉक सुटतं. पॅनलला सोसायटीची लँडलाईन जोडलीय, २०१६ साली बसवलेलं. इतकी वर्षं वॉचमनच गेट उघडायचा म्हणून पॅनलकडं कुणी बघितलंच नाही, आता तो गावाकडं गोकाकला गेला तो परत आला नाही, आणि मग कळलं की निम्म्या फ्लॅटना रिंगच जात नाही.

मॅन्युअल सापडलं, मास्टर कोड झाकणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेला, त्यावरनं आईचा मोबाईल नंबर नव्यानं घातला, बरोबर घातल्याची बीप पण आली, तरी कॉल लागत नाही. पॅनलमधनं बाई कन्नडात काहीतरी सांगते आणि तुटतं, गाड्यांच्या आवाजात नीट ऐकू येत नाही. लँडलाईन असलेल्या फ्लॅटना जातो. आणि नवल म्हणजे दोन फ्लॅटवाले चंदगडचे, त्यांची सिम महाराष्ट्रातली, त्यांना पण व्यवस्थित जातो! गावातल्या गावात मात्र लागेना.

परवा औषधाच्या दुकानातला पोरगा पंधरा मिनटं खाली उभा राहून परत गेला, आई वर फोन हातात धरून बसलेली. गुडघ्यामुळं तिला तीन जिने उतरता येत नाहीत आणि मी उद्यमबागेत पहिल्या शिफ्टला. बसवणाऱ्याचा फोन बंद आहे. पॅनलच बदला म्हणायलेत सगळे, काय करू?

शहापूर_वायरमन

पॅनल बदलू नका, पॅनल चांगलं आहे. चंदगडची गोष्ट सांगितलीत तिथंच उत्तर आहे बघा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरनं कुठल्याही मोबाईलला लावताना आधी ० लावावा लागतो, नवीन मोबाईल नंबरांना जागा व्हावी म्हणून तो नियम केला. त्याच्या आधी कर्नाटकातल्या मोबाईलला नुसते १० आकडे चालायचे आणि बाहेरच्या राज्यातल्या नंबरालाच ० लागायचा. म्हणजे २०१६ ला बसवणाऱ्यानं चंदगडवाल्यांचे नंबर ० लावून घातले असणार, ते आजपण चालतात, आणि तुमचे गावातले नंबर बिनशून्याचे राहिले. लँडलाईन टू लँडलाईनला गावात ० लागत नाही म्हणून ते फ्लॅट चालू.

खात्री करायची असेल तर पॅनलची लाईन काढून तिथं साधा फोनचा डबा लावा, आईचा नंबर आधी नुसता फिरवा, मग ० लावून फिरवा, फरक लगेच कळेल. प्रत्येक वेळी हेच आधी करा, पॅनल खराब की लाईन खराब हे पाच मिनटात कळतं आणि फुकटचा खर्च वाचतो.

नंबर घालताना एक बघा, काही जुन्या पॅनलमध्ये एका कोडला १० आकड्यांचीच जागा असते, ० धरून ११ होतात आणि शेवटचा आकडा गुपचूप गळतो, बीप तरी येतेच. तसं झालं तर मॅन्युअलमध्ये प्रत्येक कॉलच्या आधी आकडा लावायची वेगळी सेटिंग आहे का बघा, पण ती सरसकट लागली तर लँडलाईनवाल्यांचे कॉल जाणार नाहीत, त्यांचे पण मग मोबाईल घालावे लागतील. आणि हो, तो पेन्सिलीनं लिहिलेला मास्टर कोड आजच बदला, झाकण तर कुणीपण उघडतंय की.

टिळकवाडीकर

आमच्यात लँडलाईन काढून सिमचं पॅनल घेतलं. घ्यायचं असेल तर कुठलं नेटवर्क चालतं ते आधी विचारा, स्वस्तातली बरीच पॅनल टूजीवर चालतात आणि त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओला टूजी नाहीच. आमचे सेक्रेटरी दोन दिवस तेच सिम काढून घालून काढून घालून बघत होते. सिमचा पिन लॉक पण आधी साध्या मोबाईलमध्ये काढून घ्या, आणि रिचार्जची तारीख कुणाच्या तरी नावावर नेमून द्या नाहीतर पावसाळ्यात भर रात्री गेटबाहेर भिजत उभं राहायची पाळी येते. सोय म्हणजे आपल्या मोबाईलवरनं पॅनलला मिस्ड कॉल दिला की गेट उघडतं, पैसे लागत नाहीत.

हिंदवाडी_तिसरा_मजला

शहापूर_वायरमन, तुमचे खूप उपकार झाले. रविवारी सकाळी गल्ली शांत असताना डबा लावून बघितलं, त्या बाईच्या बोलण्यातला "सोन्ने" शब्द स्पष्ट ऐकू आला, शून्य लावा असंच सांगत होती ती इतके दिवस! ११ आकडे बसले, सात फ्लॅटचे नंबर नव्यानं घातले, सगळ्यांना रिंग गेली. पण आईनं ९ दाबलं तर गेट उघडेना, माझ्या फोनवरनं उघडतंय.

शहापूर_वायरमन

आई बोलता बोलता दाबत असतील. ९ म्हणजे ८५२ आणि १४७७ हर्ट्झचे दोन सूर एकदम जातात, पॅनल ते कानानं ऐकल्यासारखं ओळखतं, त्याच वेळी आपण बोललो किंवा खाली हॉर्न वाजला की सूर हरवतो. "थांबा, उघडते" म्हणून गप्प व्हायचं, कॉल चालू असतानाच कीपॅड उघडायचा आणि ९ एक सेकंदभर दाबून धरायचं. एकदा तुम्ही खाली उभे राहून त्यांच्याकडनं चार-पाच वेळा करून घ्या, हाताला सवय होऊ दे. सोडून गेलेल्या भाडेकरूंचे नंबर पण काढून टाका, बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि मग तुमचं गेट कुठल्यातरी परक्या माणसाच्या हातात जायचं.

हिंदवाडी_तिसरा_मजला

दाबून धरल्यावर उघडलं. संध्याकाळी मी खालीच उभा होतो, आईनं ओळीनं सहा वेळा उघडून दाखवलं, सातव्यांदा मलाच "कोण पाहिजे?" विचारलं. भाडेकरूंचे तीन नंबर निघाले, एक तर २०१८ ला गेलेल्याचा. काढले.