विषय: नोतोसाठी कपडे गोळा करायचे का?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या बैठकीत निघालं होतं त्याप्रमाणे इथे जपानमधल्या नोतो द्वीपकल्पाच्या भूकंपग्रस्तांसाठी कपडे, ब्लँकेटं आणि कोरडा शिधा जमवावा म्हणतोय. 7 सप्टेंबरला हॉलच्या दाराशी खोकी ठेवू, कुरियर मंडळाच्या खर्चानं. कुणाला काही सुचवायचं असेल तर रविवारपर्यंत लिहा.

प्रेषक: कानाझावाची सभासद

दादा, खोकी नकोत. व्यक्तींकडून सुट्या वस्तू नकोत, असं इशिकावाच्या, म्हणजे नोतो ज्यात येतं त्या प्रांताच्या, प्रशासनानं सुरुवातीलाच कळवलं होतं. ते सगळं निवडत बसायला माणसं कुठून आणायची? आणि आता ऑगस्ट उजाडलाय. नोतोतल्या वाजिमा शहराला वाण आहे ती गिऱ्हाइकांची.

तिथला सकाळचा बाजार हजार वर्षांचा म्हणतात. 1 जानेवारी 2024 ला 7.6 चा धक्का बसला, त्यानंतरच्या आगीत त्या भागातल्या सुमारे 240 इमारती जळाल्या. शिवाय बंदराचा तळच वर उचलला गेला आणि नावा अडकून पडल्या. म्हणजे मासळीवालीला बसायला जागा नाही आणि विकायला मासळीही नाही. तरी मार्चमध्ये त्या बाया इथे कानाझावाच्या कानाइवा बंदरावर नारिंगी तंबू ठोकून बसल्या. रांग एवढी की माझा नंबर येईपर्यंत सुकी मासळी संपत आलेली. विकणाऱ्या आजीनं उरलेली कागदात बांधली, वर मूठभर वाळलेलं शेवाळ घातलं आणि पुढच्या बाजाराची तारीख दोनदा ऐकवली. जुलैपासून वाजिमातच एका मॉलमध्ये बाजार भरतोय.

वाजिमाच्या उरुशीच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या, रोगणकामाचं दुखणं वेगळं आहे. एक वाटी शंभरावर टप्प्यांतून जाते. लाकूड कातणारा, अस्तर देणारा, घासणारा, शेवटचा हात फिरवणारा, सोन्याची नक्षी काढणारा, सगळे वेगळे. त्यातला एक जण घर पडलं म्हणून मुलाकडे निघून गेला की पुढचे सगळे खोळंबतात.

प्रेषक: सास्तूरचे काका

ताईंचं बरोबर आहे. मी किल्लारीच्या पट्ट्यातला, तेव्हा थोडं लांबलं तर चालवून घ्या.

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, सगळं अंगावर आलं. आमचं किराणा दुकान घराच्या पुढच्याच खणात होतं, त्यामुळे घर, माल, तराजू एकदमच गेलं. उधारीची वहीसुद्धा. वडिलांनी पुढे कैक वर्षं हळहळ केली ती वहीची, मालाची नव्हे.

मग ट्रकांनी धान्य आणि कपडे आले. लोकांना गरज होतीच, त्यात वाद नाही. पण मदत लांबली. वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडलं तेव्हा चहापत्ती, तेल, गूळ सोडून काही खपेना. दारात फुकटचा गहू पडलेला असताना विकतचा कोण घेणार? दुकान सावरलं ते लातूरच्या ठोक व्यापाऱ्यानं जुन्या ओळखीवर माल उधार दिला म्हणून. त्याची नोंद कुठल्याच अहवालात नसेल.

पुढे 52 गावं नव्या जागी बसवली. जमिनीच्या मानानं 250, 400, 750 चौरस फुटांची घरं, रुंद सरळ रस्ते. फोटोत फार छान दिसायचं. जुन्या गावात शेताला जाणारा प्रत्येक जण आमच्या दुकानावरून जायचा, नव्या गावात ज्याची त्याची वाट वेगळी झाली. लोहाराचं काम तर दारातच चालायचं. 250 फुटांत तो राहणार कुठे आणि भाता मांडणार कुठे?

तेव्हा वाजिमाचा बाजार पुन्हा कुठे बसवणार, हे त्या बायांना विचारून ठरवतात का, एवढंच बघा. इमारत नंतर झाली तरी चालते.

प्रेषक: कोबेकर

काकांना दुजोरा. 1995 च्या भूकंपानंतर इथे कोबेच्या नागाता भागात मोठमोठे टॉवर उभे केले, खाली दुकानं. छोट्या दुकानदारांनी कर्ज काढून गाळे घेतले. गिऱ्हाईक परतलं नाही, देखभालीचा खर्च मात्र दरमहा द्यावाच लागतो. गाळा विकायचा तर घ्यायला कुणी नाही. दुपारी चक्कर मारा, शटर मोजत बसाल.

प्रेषक: सचिव

ठरलं तर मग, खोकी रद्द. रांगोळी आणि पाठांतराच्या बक्षिसांचे 60,000 येन आहेत, त्यातून वाजिमाच्या चॉपस्टिक आणि जमल्यास दोनतीन वाट्या घेऊ. प्रसादाबरोबर तिथलं समुद्राचं मीठही देता येईल. ऑर्डर कानाझावाच्या ताईंनी थेट विक्रेत्यांकडे द्यावी. आणि कृपा करून कुणीही घासाघीस करू नये, मी तुम्हा सगळ्यांना ओळखून आहे.
एक शंका आहे, त्या वाटीत गरम आमटी चालते का?

प्रेषक: कानाझावाची सभासद

चालते. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर नको. वाट्यांना वेळ लागेल, गणपतीला मिळतील असं धरू नका. पैसे मात्र ऑर्डरबरोबरच देऊन टाकू.