एजीएममध्ये सगळ्यांचे हात वर, लिफ्टमध्ये सगळ्यांची तक्रार. सायकॉलॉजीत याला काय म्हणतात?

चौथामजला_डावीकडे
रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम झाली. बाबांना बरं नव्हतं म्हणून मी जाऊन बसले, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापाव, चहा. विषय रंगकामाचा. तीन कोटेशनं आली होती, सेक्रेटरी काकांनी सगळ्यात महागडं वाचून दाखवलं, बाकी दोन "क्वालिटी नाही" म्हणून फाईलमध्ये ठेवली आणि विचारलं, कुणाची हरकत? सगळे चहाच्या कपात बघतायत. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी हात वर केले, मग मागच्यांनी, मग मी पण. नंतर लिफ्टमध्ये आम्ही पाच जण, आणि दुसरा मजला यायच्या आत पाचही जण म्हणाले की रेट जरा जास्तच वाटला हो!!

मी एसवायला आहे. याला कन्फर्मिटी, म्हणजे गटाच्या मागे जाणं, म्हणायचं का? पण अ‍ॅशच्या प्रयोगात (कुठली रेघ किती लांब ते गटासमोर सांगायचं) रेघा डोळ्यासमोर होत्या, इथे रंगाचा रेट कुणाच्या बापाला माहीत. आणि अजून एक, सरांनी बायस्टँडर इफेक्टला (बघणारे जास्त असले की मदतीला पुढे येणारे कमी) किटी जेनोवीजच्या खुनाची केस दिलीय, ३८ लोक खिडकीतून नुसते बघत बसले म्हणून. नेटवर वाचलं की ते खोटं आहे. मग पेपरात काय लिहू?

दुधीहलवा
सभासद बाबा, हात तुझा. असलं मत चालत नाही, प्रॉक्सी पण नाही चालत. आधी हे लिही पेपरात 😄

चौथामजला_डावीकडे
@दुधीहलवा मोजलेच कुठे हात. "सर्वानुमते मंजूर" आधीच टाईप केलेलं असणार.

जुनी_वही
शिकवायचे हा विषय, आता रिटायर्ड, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घे.

कन्फर्मिटी आहेच पण त्यात दोन गोष्टी मिसळतात. एक, मला माहीत नाही, बाकीच्यांना माहीत असेल म्हणून मी त्यांच्यामागे जाते. दुसरी, मला दिसतंय की चूक आहे, पण वेगळी कशाला पडू. अ‍ॅशच्या रेघा मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या, तिथे उत्तर उघड होतं, तरी चारातले जवळपास तीन जण निदान एकदा तरी ठरवून चुकीचं बोलणाऱ्यांच्या मागे गेले. तुझा रंगाचा रेट पहिल्या प्रकारचा.

पण तुझी खरी गंमत लिफ्टमध्ये आहे. त्याला प्लुरलिस्टिक इग्नरन्स म्हणतात, १९३० च्या आसपासची जुनी कल्पना आहे. प्रत्येकाला मनातून पटलेलं नसतं, प्रत्येक जण चेहरा शांत ठेवतो, आणि दुसऱ्याचा शांत चेहरा बघून धरून चालतो की याला पटलंय. स्वतः नाटक करतोय हे माहीत असतं पण समोरचाही तेच करत असेल हे डोक्यात येत नाही.

आणि इथेच तुझे दोन प्रश्न जुळतात बघ. लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये माणसांना फॉर्म भरायला खोलीत बसवलं आणि भिंतीतून धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. सोबत दोन शिकवून ठेवलेली माणसं, जी धुराकडे बघून पुन्हा फॉर्म भरायला लागतात, अशी असली की फक्त १० टक्के. डोळे चोळतायत, खोकतायत, पण बसलेत. तुमचे चहाचे कप तसेच.

किटीबद्दल: खून झाला तो १३ मार्च १९६४ ला, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. बऱ्याच लोकांनी नुसता आवाज ऐकला होता, प्रत्यक्ष बघणारे थोडेच, आणि दुसरा हल्ला तर इमारतीच्या आतल्या बाजूला झाला, खिडकीतून दिसणार कसा? एक शेजारीण खाली धावत गेली आणि तिला कुशीत धरून बसली, ते मूळ बातमीत नव्हतंच. न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये मान्य केलं की बातमीत चुका होत्या. तेव्हा पेपरात लिही, ही केस म्हणजे संशोधनाचं निमित्त, पुरावा म्हणजे प्रयोग. त्याच दोघांचा दुसरा प्रयोग घे: इंटरकॉमवर कुणाला तरी फिट येतेय असं ऐकू आलं, ऐकणारे आपण एकटेच असं वाटणारे ८५ टक्के मदतीला उठले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटणारे ३१ टक्के.

माजी_खजिनदार
वाचून मजा आली पण मॅडम, सोसायटीत सात वर्षं काढलीत मी, गप्प बसायला एवढं मानसशास्त्र लागत नाही. जो बोलतो त्याच्या गळ्यात कमिटी पडते. "एवढं कळतं ना तुम्हाला, मग या ना पुढच्या वर्षी." मी असाच खजिनदार झालो.

जुनी_वही
@माजी_खजिनदार 😂 बोलण्याची किंमत असतेच, तुमचं बरोबर आहे. पण किंमत आहे म्हणून गप्प बसणं वेगळं आणि बाकी सगळ्यांना पटलंय असं समजून गप्प बसणं वेगळं. पहिल्यात लिफ्टमध्ये कुणी चकित होत नाही. चकित झालीस ना गं?

चौथामजला_डावीकडे
हो ना!! मला वाटलं मलाच कळत नाहीये.

जुनी_वही
मग झालं. आणि अ‍ॅशचं उरलेलं अर्धं विसरू नको, गटातल्या एकानेही खरं उत्तर दिलं की मागे जाणारे एकदम कमी झाले. उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितलं तरी कमी.

माजी_खजिनदार
म्हणजे चिठ्ठ्या टाका. बाबांना सांग ग्रुपवर तिन्ही कोटेशनं मागायला, साधं, भांडण न करता.

चौथामजला_डावीकडे
अपडेट. बाबांनी काल रात्री ग्रुपवर लिहिलं, "तिन्ही कोटेशनं इथे टाकता येतील का?" ग्रुपवर अजून कुणी एक अंगठा पण दिलेला नाही. बाबांना पर्सनलवर सहा मेसेज आलेत, बरं झालं विचारलंत म्हणून.